सूर्यास्तापूर्वीची मोजदाद

मे महिन्यात जळगावला दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे म्हणजे जाणूनबुजून भट्टीत शिरणे. पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळत असतो, रस्ते ओस पडतात आणि कूलरच्या घरघरीत घरोघर माणसे दिवस कलण्याची वाट पाहत बसतात. एकेकाळी अशा दुपारी मामाकडे आलेली भाचरे पत्ते कुटत, सापशिडी मांडत, नाहीतर माळ्यावरची जुनी मासिके खाली काढत. गेल्या सुट्टीत पुण्याहून आलेला माझा बारा वर्षांचा भाचा मात्र पिशवीत जपानी खेळयंत्र घेऊन आला. ते दूरचित्रवाणीला जोडले की चित्र मोठे दिसते आणि सारे घर इच्छा असो वा नसो प्रेक्षक होते.

घरात व्हायची ती चर्चा झालीच. आजीला त्याच्या डोळ्यांची काळजी, माझ्या पत्नीला वीजबिलाची आणि मला, प्रामाणिकपणे सांगायचे तर, संस्कारांची. आपल्या परिवारांतून या विषयावर एक ठरलेले मत असते. हे खेळ म्हणजे हाणामारी, हे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, मैदान ओस पाडणारी ही परकी आक्रमणे. मीही हेच मत अनेकदा, काही वेळा तर ध्वनिक्षेपकावरून मांडलेले आहे. त्या दुपारी भाच्याशेजारी जाऊन बसलो तो दोष शोधण्यासाठीच. टीका करायची तर विषय पाहिलेला असावा, एवढाच त्यामागचा हेतू.

खेळाचे नाव पिकमिन. निन्टेंडो या जपानी कंपनीने तो २००१ साली प्रथम आणला. त्याचा चौथा भाग २०२३ मध्ये आला आणि त्याच वर्षी पहिला भागही नव्या यंत्रावर उपलब्ध झाला. भाचा खेळत होता तो हा पहिला भाग. कथा साधी आहे. ऑलिमार नावाचा नाण्याएवढ्या उंचीचा, मालवाहू अंतराळयानाचा एक चालक अपघात होऊन अनोळखी ग्रहावर कोसळतो. यानाचे तीस भाग विखुरलेले, तेथील हवेतला प्राणवायू त्याच्यासाठी विष आणि अंगावरचे जीवरक्षक साधन चालणार केवळ तीस दिवस. एकटा तो काही करू शकत नाही. अशा वेळी त्याला भेटतात ते पिकमिन. बोटाच्या पेरांएवढे, डोक्यावर एक पान डोलवणारे जीव. मातीतून मुळा उपटावा तसे त्यांना उपटायचे, की लगेच ते मागे चालू लागतात. त्यांनी विचारले असते की कोठे जायचे आहे आणि का, तर खेळ तेथेच थांबला असता. पण ते विचारत नाहीत. शिट्टी वाजली की येतात, ज्याच्यावर फेकाल त्याच्यावर तुटून पडतात, जे उचलायला सांगाल ते खांद्यावर घेऊन चालू लागतात.

तांबड्यांना आगीचे भय नाही, निळे पाण्यात बुडत नाहीत, पिवळे उंच फेकता येतात आणि स्फोटकेही वाहतात. एका वेळी मैदानात शंभरच उतरवता येतात. प्रत्येक ओझ्यावर आकडे उमटतात : किती जण हवेत आणि किती जण लागले आहेत. वीस जणांचे ओझे एकोणीस जणांनी हलत नाही. मारिओ या प्रसिद्ध पात्राचे जनक शिगेरू मियामोतो यांना ही कल्पना स्वतःच्या बागेत मुंग्यांची रांग पाहताना सुचली, असे त्यांनीच सांगितले आहे. यात आपल्याला नवल वाटू नये. खळ्यावर सांडलेला ज्वारीचा दाणा सात-आठ मुंग्या मिळून कशा ओढून नेतात, हे पाहत खानदेशातल्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. सुगरणीच्या खोप्यापाशी थबकणाऱ्या आसोद्याच्या बहिणाबाईंची नजर मुंग्यांवरून घसरली असेल असे वाटत नाही. आपण त्याचा खेळ केला नाही, इतकेच.

पहिला अर्धा तास मला दोष सापडला नाही, उलट कौतुकच वाटू लागले. कामाची वाटणी, कोणाला कोठे लावायचे याचा विचार, एक तुकडी पूल बांधत असताना दुसरीने ओझे वाहणे. हे तर आपले शिबिराचे नियोजन झाले! मी मनातल्या मनात पुढच्या बैठकीतले बोधवचनही तयार केले.

आणि मग सूर्य कलला.

या खेळात दिवस असतो. तो पंधरा मिनिटांच्या आत संपतो. पडद्यावर वरच्या बाजूला सूर्याची खूण डावीकडून उजवीकडे सरकत असते. संध्याकाळ होण्यापूर्वी सर्व पिकमिनांना गोळा करून त्यांच्या घरट्याशी आणावे लागते, कारण रात्री त्या ग्रहावरची श्वापदे बाहेर पडतात. जे शिट्टीच्या टप्प्याबाहेर राहिले, ते राहिले. यान आकाशात उठते आणि खाली मागे राहिलेले ते चिमुकले जीव घरट्याच्या दिशेने धावत असलेले दिसतात. तेवढ्यात श्वापदे पोहोचतात. एक बारीक किंकाळी येते, भुताची एक पुसट आकृती वर जाते आणि नंतर दिवसाचा हिशेब पडद्यावर येतो. त्यात किती उरले, किती गेले याची नोंद असते.

त्या दिवशी सात गेले. एका भिंतीपाशी भाच्याने त्यांना कामाला लावले होते. भिंत पडली, काम संपले आणि ते तेथेच उभे राहिले. पुढची आज्ञा मिळालेली नव्हती.

"सात मागे राहिले रे," मी म्हणालो.

"सातच ना मामा. उद्या नवीन उगवतील," असे म्हणून त्याने पुढचे बटण दाबले.

त्याचे काहीच चुकले नव्हते. खेळाच्या हिशेबाने सात म्हणजे किरकोळ. पण ती सात बाहुली काम संपल्यावर जशी उभी होती, ते उभे राहणे मी पूर्वी पाहिलेले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा धुळ्याला शिकत होतो आणि वस्तीतल्या मैदानावर सायंकाळी मुलांना जमवून खेळ घेण्याचे काम माझ्याकडे होते. गळ्यात शिट्टी असे. ती वाजली की चाळीस-पन्नास मुले धावत येऊन रांगेत उभी राहत. बावीस वर्षांच्या तरुणाला याचा केवढा कैफ चढतो, हे ज्यांनी शिट्टी वाजवली आहे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. एका डिसेंबरातल्या रविवारी आम्ही बेचाळीस मुलांची सहल चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला नेली. प्रासंगिक करारावर एस.टी. घेतली होती. सातमाळ्याच्या कुशीतले ते अरण्य आज गौताळा अभयारण्याचा भाग आहे. बिबट्याचा वावर तेव्हाही होता. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख याच पाटणचा. मी मुलांना तो इतिहास मोठ्या अभिमानाने सांगितला. शून्य आणि अनंत यांचा विचार करणाऱ्या गणितज्ञाच्या त्या भूमीत त्या दिवशी माझ्याच्याने बेचाळीसपर्यंत मोजणे झाले नाही.

ओढ्याच्या वरच्या अंगाला वाट दोन ठिकाणी फुटत होती. मागून येणारी मुले चुकू नयेत म्हणून मी एका अकरा वर्षांच्या मुलाला फाट्यावर उभे केले आणि सांगितले, "आठेच थांब. मागून येतील त्यांना वाट दाखव." मागची मुले ओढ्यातूनच खाली उतरली. फाट्याकडे कोणी आलेच नाही. पाच वाजून गेले, डोंगराची सावली पडली, मुले गाडीत बसली. मी पायरीवर उभा राहून विचारले, "सगळे आले का रे?" बेचाळीस मुलांना जेवढ्या जोरात ओरडता येईल, तेवढ्याच जोरात एकेचाळीस मुलांनाही ओरडता येते. गाडी निघाली. तीन-चार किलोमीटरनंतर एका मुलाने शेजारची जागा रिकामी असल्याचे सांगितले.

तो फाट्यावरच होता. अंधार पडलेला, हातात एक काठी. रडत नव्हता. आम्हाला पाहून म्हणाला, "मागून कुणी आलंच नाही."

इथपर्यंत घडले ते कोणाच्याही हातून घडू शकते, असे कोणी म्हणेल. पुढे मी जे केले ते मात्र मी केले. गाडीत सर्वांसमोर मी त्याची पाठ थोपटली, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि आज्ञापालन कशाला म्हणतात यावर पाच मिनिटे बोललो. धुळ्याला परतल्यावर आमच्या एका ज्येष्ठांना मी हा प्रसंग त्याच थाटात सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "संख्या कोणी घेतली होती?" मी गप्प झालो. तेही पुढे काही बोलले नाहीत. तरीही नंतरची कितीतरी वर्षे शिस्तीवरच्या माझ्या भाषणांत तो मुलगा येत राहिला. त्यांचा प्रश्न मात्र कधी आला नाही.

निष्ठेचा गौरव करताना आपल्याकडे नेमके हेच घडते. खालच्या माणसाची निष्ठा जेवढी उजळून सांगावी, तेवढी वरच्या माणसाची चूक झाकली जाते. पानिपतावर १७६१ साली जो संहार झाला, त्याची वार्ता देणाऱ्या सांकेतिक पत्राची आठवण मराठी माणसाला करून द्यावी लागत नाही. थोरांचा उल्लेख त्यात मोत्यांच्या रूपकाने होता, सरदारांचा मोहरांच्या आणि त्यांचा आकडाही दिलेला होता. सामान्य शिपाई आणि त्यांच्यासोबतचे बिनलढाऊ लोक म्हणजे रुपये आणि खुर्दा, ज्याची गणतीच नाही. त्या काळची पत्रे गावोगाव हिंडून ज्यांनी गोळा केली, १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड ज्यांनी पानिपतच्या कालखंडावर काढला, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला तो धुळ्यातच, १९२६ च्या अखेरीस. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. धुळ्याला गेलो की मी तेथे डोकावतो. जुन्या दप्तरांच्या सहवासात मला दर वेळी वाटते, खुर्दा मोजला गेला असता तर आपला इतिहास आपण निराळ्या तऱ्हेने वाचला असता.

याच्या उलट उदाहरण आपल्यापाशी आहे आणि तेही सर्वांत मोठ्या माणसाचे. १६६५ मध्ये पुरंदराला मिर्झाराजांचा वेढा पडला, मुरारबाजी पडले, गडावर माणसे बायकामुलांसह अडकलेली होती. शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले. तह झाला आणि गडावरची माणसे जिवंत खाली उतरली. आपण मुरारबाजींवर व्याख्याने देतो, ती द्यावीतच. मात्र तेवीस किल्ल्यांच्या बदल्यात माणसे मोजून परत घेणाऱ्या राजावर व्याख्यान देताना आपला आवाज किंचित खाली येतो, जणू काही ती अडचणीची गोष्ट आहे. वस्तुतः माणसे उरली म्हणून पुढे किल्ले परत आले.

आता पुन्हा खेळाकडे. अशा खेळांतून नेतृत्वगुण वाढतात असे सांगणारा एक नवा वर्ग आता आपल्याही घरांत दिसू लागला आहे. मुलगा पडद्यावर शंभर जणांना हाकतो, म्हणजे तो उद्याचा व्यवस्थापक. मला हे पटत नाही. पिकमिन नकार देत नाही, थकत नाही आणि त्याची आई संध्याकाळी दारात उभी नसते. ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही, त्याला नेतृत्व शिकता येत नाही. फार तर हाकणे शिकता येते. आणखी एक गोष्ट. दिवस वाईट गेला तर त्याची नोंद न ठेवता जुन्या नोंदीवरून तोच दिवस पुन्हा खेळता येतो. माझा भाचा हे सर्रास करतो. पाटणादेवीच्या फाट्यावरची ती संध्याकाळ मला पुन्हा खेळायला मिळाली असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

आणि तरीही या खेळावर सरसकट बंदी घालावी या मताचा मी राहिलेलो नाही. आपल्या बुद्धिबळात प्यादे पडले की ते बाजूला ठेवले जाते. त्याचे काय झाले हे कोणी विचारत नाही, किंबहुना प्यादी त्यासाठीच असतात असे आपण म्हणतो. या जपानी खेळाच्या कर्त्यांना मात्र प्याद्याच्या मरणाचा आवाज ऐकू यावा असे वाटले. मागे राहिलेल्याकडे खेळणाऱ्याची नजर वळलीच पाहिजे, अशी त्यांनी व्यवस्था केली. खेळाच्या जाहिरातीसाठी जपानमध्ये पिकमिनांच्या तोंडी एक गाणे बसवले गेले, राबणाऱ्या, मागे चालणाऱ्या आणि शेवटी गिळल्या जाणाऱ्यांचे गाणे. ते तेथे २००१ च्या अखेरीस खूप गाजले. मुलांच्या खेळातले ते गाणे मोठ्यांनाही का भावले असेल, याची कल्पना कोणत्याही कचेरीत चाकरी केलेल्याला सहज करता येईल.

त्याहून मोठी गोष्ट खेळाच्या शेवटात दडलेली आहे. तीस दिवसांत पुरेसे भाग जमले नाहीत, तर ऑलिमारचे यान पुन्हा कोसळते. त्याला पिकमिन उचलून आपल्या घरट्याकडे नेतात आणि तो स्वतःच पिकमिन होऊन मातीतून उगवतो. हाकणारा हाकल्या जाणाऱ्यांत जमा होतो. याच्या उलटे या खेळात कधीच घडत नाही. पिकमिन ऑलिमार होत नाही. मैदानावरच्या कामाचा आणि या खेळाचा खरा फरक मला येथे दिसतो. आमच्या मैदानावर आज पहिल्या ओळीत उभा राहणारा पोरगा चार वर्षांनी गळ्यात शिट्टी अडकवतो. तसे होत नसेल आणि वर्षानुवर्षे शिट्टी एकाच्याच गळ्यात असेल, तर आपणही मुळेच उपटत आहोत असे समजावे. भर उन्हात घरोघर पत्रके वाटणारा, सभेच्या सतरंज्या घालणारा आणि सभा संपल्यावर त्या गोळा करणारा कार्यकर्ता रात्री घरी कसा पोहोचला, शेवटची एस.टी. त्याला मिळाली का, हे विचारणारे किती जण आपल्यात उरले आहेत? विचारणारे होते. धुळ्याचे ते ज्येष्ठ रात्री अकराला सायकलवरून घरे पालथी घालत. त्यांचा तो एक प्रश्न त्यातूनच आलेला होता.

भाच्याला मी यातले काही सांगितले नाही. त्याला राजवाडे सांगितले असते तर तो उठून गेला असता आणि योग्यच केले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त शेजारी बसलो आणि सूर्याची खूण निम्मी सरकली की विचारत राहिलो, "किती झाले? किती बाहेर आहेत?" सुरुवातीला तो वैतागला. तिसऱ्या दिवशी स्वतःच मोजू लागला. एकदा तर यानाचा एक भाग घरट्याच्या अगदी जवळ आलेला असताना त्याने तो वाटेतच सोडला आणि नऊ तांबड्यांना आणायला उलटा धावला. त्यातले सहा आले, तीन राहिले. त्याने यंत्र बंद केले नाही, दिवस पुन्हा खेळलाही नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, तू एवढं का मोजायला लावतोस?"

तेव्हा मी त्याला पाटणादेवीचा प्रसंग सांगितला. टाळ्यांसकट सगळा. त्याने शांतपणे ऐकला आणि विचारले, "मग तू त्याला सॉरी म्हणालास का?"

म्हणालो नव्हतो. संधी आली ती जूनमध्ये, धुळ्याला एका लग्नात. तो मुलगा आता चाळिशीकडे झुकला आहे, शिरपूरला त्याचे दुकान आहे. मंडपाच्या कडेला उभे राहून मी विषय काढला. चूक माझी होती, मी मोजायला हवे होते, असे सांगितले. तो हसला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही अजून ते आठवता? सगळ्यांना वाटतं मी शिस्तीमुळे थांबलो. मला तर अंधार पडल्यापासून पळावंसं वाटत होतं. पण तुम्ही रागवाल म्हणून हललो नाही."

एवढे बोलून तो पंगतीत वाढायला गेला.